खेळणे, एक नग

लेखीरावांनी आयुष्यात एकच पिस्तूल विकत घेतलं, आणि तेही खेळण्यांच्या दुकानातून, रीतसर पावती घेऊन. पावतीवर लिहिलं होतं, 'खेळणे, एक नग'. तेव्हा त्यांना ते फार सुटसुटीत वाटलं. पुढे याच एका नगापायी त्यांना पोलीस चौकीच्या बाकावर बसावं लागलं, कचेरीतली खुर्ची गेली आणि सख्खे वडील घर सोडून जायला निघाले. पण एकेक सांगतो, घाई नको.

लेखीराव हे आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पाणीपट्टीच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि कोणी काहीही सांगायला आलं की मान वर न करता म्हणायचे, "लेखी द्या." एकदा शिपाई सांगायला आला की साहेब, तुमच्या टेबलाला वाळवी लागलीय. त्यालाही लेखी मागितलं. बिचारा अर्ज लिहून आणेपर्यंत टेबलाचा एक पाय गेला होता. तेव्हापासून हे नाव पडलं ते पडलंच. लेखीरावांना त्याचं वाईट वाटत नसे. तोंडी बोललेल्याला दुसऱ्या दिवशी काही किंमत राहत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

हे वळण त्यांना वडिलांकडून आलं होतं. आबा, म्हणजे त्यांचे वडील, एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. त्यांच्या सहीशिवाय तिथून खिळासुद्धा बाहेर जात नसे. निवृत्त झाल्यावर राखायला स्टोअर उरलं नाही, म्हणून आबा घर राखू लागले. मुलगा कचेरीत, सून शाळेत शिकवायला, दुपारभर घरात आबा आणि आबांची बायको. दोघं मिळून दुपार ढकलायचे. ती गेल्यावर दुपार एकट्या आबांच्या अंगावर यायला लागली. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि लेखी तर नव्हतंच नव्हतं. त्यामुळे लेखीरावांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

अशात वरच्या मजल्यावर भरदुपारी चोरी झाली. चोर टीव्ही खांद्यावर घेऊन जिना उतरला. वाटेत दोघं भेटले, त्यांतल्या एकाने 'सावकाश हो' म्हणून खालचं दारही धरून ठेवलं. एवढी मदत मिळाल्यावर चोरी न होऊन सांगते कोणाला. पण आबांनी धसका घेतला. दाराला आतून खुर्ची टेकवून ते त्या खुर्चीवरच बसून राहायचे. दुपारची डुलकी गेली, खाली फेरी मारणं गेलं. परगावी राहणारी ताई फोनवर म्हणाली, "अरे, त्यांना माझ्याकडे पाठव. माझ्या घरात दिवसभर कोणी ना कोणी असतं."

आबांनी फोन हातात घेतला. "तुझ्याकडे मी पाहुणा असेन गं. इथे निदान घर तरी राखतो." 

तेव्हा आबांना धीर यावा असं काहीतरी करायचं, हा लेखीरावांचा छोटासा प्रकल्प होता. कुत्रा पाळावा तर इमारतीच्या चेअरमनांचा नियम आड आला. रखवालदार नेमावा तर तो विषय इमारत बांधल्यापासून समितीच्या विचाराधीन होता. शेवटी एका संध्याकाळी घरी येताना त्यांना खेळण्यांच्या दुकानाच्या काचेत ते दिसलं. काळंभोर, हाताला गार, चांगलं वजनदार, चाप ओढला की खटकन आवाज. दुकानदार म्हणाला, "हुबेहूब आहे साहेब. खऱ्याच्या शेजारी ठेवा, घरच्यांनाही ओळखायचं नाही."

आबांनी ते तळहातावर तोललं. "वजन बरं आहे," म्हणाले. मग म्हणाले, "पावती?" पावती फाइलला लागली. कोणी कोणाला फसवलं नव्हतं, हे इथेच सांगून ठेवतो. ते खेळणं आहे हे आबांना पक्कं ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खुर्ची दारापासून जरा मागे घेतली, मांडीवर फडकं पसरून त्यावर पिस्तूल ठेवलं आणि बसल्या बसल्या एक डुलकीही काढली. दोन-चार दिवसांत तोंडावर रंग आला. लेखीराव स्वतःवर इतके खूश झाले की त्यांनी ही हकीकत शेजाऱ्याला सांगितली. तिथे घात झाला.

समोरच्या घरात राहणारा हा शेजारी साऱ्या इमारतीत माहितगार म्हणून ओळखला जायचा. जगात अशी गोष्ट नाही जी त्याने कुठेतरी वाचलेली नाही, आणि अशीही नाही जी त्याने पुरती वाचली आहे. पिस्तूल हातात घेऊन, उलटसुलट करून तो गंभीरपणे म्हणाला, "जपून हं. हल्ली ही खेळणी खऱ्यात बदलता येतात."

"कोण बदलतं?" लेखीरावांनी विचारलं.

"करतात लोक."

"कोण लोक?"

"असतात. आता हे कोणी तुमच्या घरातून नेलं, बदललं आणि कुठे वापरलं, तर पावती कोणाच्या नावावर आहे?"

पावती लेखीरावांच्या नावावर होती. त्या प्रश्नाने त्यांच्या डोक्यात जे घर केलं ते काही केल्या जाईना. दुसरा कोणी असता तर माहितगाराचं बोलणं एका कानाने ऐकून सोडून दिलं असतं. पण बदलता येतं म्हणणारा तोंडी म्हणाला होता, आणि बदलता येत नाही असं लेखी कोणाकडेच नव्हतं. मग एका सकाळी कचेरीला जाण्याआधी लेखीराव आपल्या पायांनी पोलीस चौकीत गेले. कोणी बोलावलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्या चौकीत असा माणूस आला नसावा.

"काय हरवलं?" हवालदाराने विचारलं.

"काही नाही."

"सापडलं?"

"तेही नाही."

"मग तक्रार कोणाविरुद्ध?"

"तक्रार नाही. शंका आहे."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. चौकीत हरवल्याचं रजिस्टर होतं, सापडल्याचं होतं, भांडणाचं तर जाडजूड होतं. शंकेचं रजिस्टर नव्हतं. लेखीरावांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. हवालदाराने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला ते बदलायचंय का?"

"छे छे. बदलता येऊ नये असंच वाटतं."

"मग बदलू नका."

इतका शहाणा सल्ला लेखीरावांना पूर्ण आयुष्यात कोणी दिला नव्हता, आणि तो त्यांना अजिबात पटला नाही. ते बाकावरून हलेनात. शेवटी हवालदाराने जांभई देत म्हटलं, "असं करा, लेखी द्या." हे ऐकून लेखीरावांचा चेहरा असा खुलला की हवालदारालाच आपण काही चुकीचं बोललो की काय असं वाटलं. त्यांनी तिथेच बसून सुंदर अक्षरात अर्ज लिहिला: माझ्या घरात असलेल्या वस्तूचे शस्त्रात रूपांतर होऊ शकते किंवा कसे, याबाबत खुलासा व्हावा. खाली पत्ता, सही, तारीख. हवालदाराने शिक्का मारला आणि लेखीराव हलक्या मनाने कचेरीत गेले.

त्याच दुपारी आबांनी दाराच्या भोकातून बाहेर पाहिलं, तर एक अनोळखी माणूस त्यांच्या कुलपाशी वाकून काहीतरी करत होता. हातात पक्कड, तोंडात टॉर्च. आता विजेचे मीटर दाराला लागूनच बसवलेले आहेत आणि मीटर तपासणाऱ्याला वाकावंच लागतं, हे आबांना एरवी माहीत होतं. त्या क्षणी त्यांना फक्त वरच्या मजल्यावरचा टीव्ही आठवला. त्यांनी दार उघडलं आणि पिस्तूल रोखलं.

मीटरवाल्याने दोन्ही हात वर केले. टॉर्च तोंडातून पडला आणि पायऱ्यांवरून खाली गेला. त्याच्यामागोमाग मीटरवाला गेला. तळमजल्यावरून तो सरळ चौकीत गेला. तिथे हवालदाराच्या टेबलावर लेखीरावांचा अर्ज वरच पडलेला. सकाळी मुलगा लिहून देतो की घरातल्या वस्तूचं शस्त्र होऊ शकतं, आणि दुपारी एक माणूस येऊन सांगतो की ती वस्तू माझ्या छातीवर रोखली. पत्ता एकच. हवालदाराची काही चूक नव्हती हो. तुम्ही-आम्हीही हेच केलं असतं.

तो पिस्तूल न्यायला आला तेव्हा लेखीरावही घाईघाईने घरी पोचले होते. आबा हवालदाराला दारात थांबवून म्हणाले, "काय नेताय, किती नेताय, कोणत्या स्थितीत नेताय, ते लिहा. खाली सही करा." हवालदाराने मुकाट्याने लिहून दिलं. जाताना त्याने लेखीरावांना बाजूला घेतलं. "म्हातारे आहेत म्हणून तूर्त समज देऊन सोडतोय. पण हे तपासून आल्याशिवाय परत मिळायचं नाही. तुम्हीच लिहून दिलंय ना, शस्त्र होऊ शकतं म्हणून."

"शकतं किंवा कसे, असं लिहिलंय," लेखीराव म्हणाले. पण 'किंवा कसे'कडे जगात कोणाचं लक्ष नसतं.

संध्याकाळी आबांनी कपाटावरची बॅग काढली आणि घड्या घालून सदरे भरायला सुरुवात केली. सून म्हणाली, "आबा, हे काय?" आबा शांतपणे म्हणाले, "ज्याच्याकडून माल जातो त्याला स्टोअरमध्ये ठेवत नाहीत. आणि मी एका भल्या माणसाला घाबरवलंय. मी आता घर राखण्याच्या कामाचा नाही." त्यांनी स्वतःच ताईला फोन लावला. महिनाअखेरच्या रविवारी भावोजी गाडी घेऊन न्यायला येतील असं ठरलं.

लेखीरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आबा गेले की ते परत येणार नाहीत, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. ताईकडे आबांना कोणी काही कमी करणार नाही, सगळं हातात देतील, आणि त्या हातात देण्यानेच आबा संपतील. पिस्तूल रविवारच्या आत परत आणायचं, आबांच्या मांडीवर ठेवायचं आणि म्हणायचं की घ्या, तुमचा माल जमा. दुसरा उपाय त्यांना सुचेना.

मग सुरू झाल्या फेऱ्या. चौकीने सांगितलं, वस्तू शस्त्र तपासणी विभागाकडे गेली. लेखीराव कचेरीतून अर्धी रजा काढून तिकडे गेले. उभ्या नोकरीत त्यांनी रजा अशी काढली नव्हती, त्यामुळे कचेरीत पहिल्यांदा त्यांच्या आजाराची आणि मग आजाराच्या नावाची चर्चा झाली. तपासणी विभागातला कारकून म्हणाला, "शस्त्र असेल तर आम्ही तपासतो. खेळणं असेल तर तपासत नाही. तुमचं काय आहे?"

"ते ठरवायलाच तर तुमच्याकडे पाठवलंय."

"आधी ठरवून आणा, मग आम्ही तपासून सांगू."

 हीच वाक्यं लेखीराव स्वतः खिडकीबाहेरच्या लोकांना इतकी वर्षं म्हणत आले होते, पण आतल्या बाजूने ती कधी अशी वाटली नव्हती. घरी आले तेव्हा दुपार होती. आबा दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर नुसतंच फडकं. लेखीराव दमून समोरच्या खुर्चीत बसले. एरवी ते आबांशी जेवताना दोन वाक्यं बोलत, तीही पाणी आलं का आणि दूध आलं का याविषयी. पण त्या दुपारी घरात दुसरं कोणी नव्हतं आणि राग पोटात मावत नव्हता, म्हणून त्यांनी सगळं आबांना सांगून टाकलं.

आबा ऐकता ऐकता पुढे सरकले. "अरे, तो तुला उभा करणारच. उद्या गेलास की आधी विचार, माल आत्ता कोणाच्या ताब्यात आहे. ज्याच्या ताब्यात आहे त्याला तो लवकरात लवकर पुढे सरकवायचा असतो. त्याला गाठ."

लेखीरावांनी दुसऱ्या दिवशी तसं विचारलं. माल ज्याच्या ताब्यात होता त्या गृहस्थांनी खरंच हात झटकत सांगितलं, दुकानदाराकडून हे खेळणं असल्याचा दाखला आणा, लगेच पुढे सरकवतो. लेखीराव दुकानात गेले. 'पोलीस' हा शब्द ऐकताच दुकानदाराची बोबडी वळली. "साहेब, आम्ही बाहुल्या विकतो."

"ही तुमची पावती."

"खेळणे, एक नग," दुकानदाराने वाचलं. "यात पिस्तूल कुठे लिहिलंय? ही बाहुलीची पावती आहे."

लेखीराव पावतीकडे बघत राहिले. आयुष्यभर ज्या कागदावर भरवसा ठेवला तो ऐन वेळी तिऱ्हाइतासारखा वागला, याचं दुःख त्यांना फार झालं. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा मात्र आबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणजे मी त्या माणसावर बाहुली रोखली," ते म्हणाले, आणि लेखीरावांनाही हसू आवरेना. बायको शाळेतून आली तेव्हा बापलेक दारातल्या दोन खुर्च्यांवर बसून डोळे पुसत होते. तिने दोघांना चहा दिला आणि स्वतःचाही कप घेऊन तिथेच बसली.

मग हे रोजचंच झालं. बॅग भरलेली होती, पण घालायला सदरा लागतो म्हणून आबा रोज त्यातून एक काढायचे आणि धुतलेला परत ठेवायला विसरायचे. माहितगार मधूनमधून दारात येऊन "मी आधीच सांगितलं होतं" असं सांगून जाई. चेअरमनांनी जिन्यात सूचना लावली की सभासदांनी शस्त्रे घेऊन दारात उभे राहू नये. सूचनेत कोणाचं नाव नव्हतं, पण ती लावायला आबांच्या दारासमोरचीच भिंत सापडली होती.

कचेरीत साहेबांना मात्र हे रजेचं प्रकरण सोसेना. त्यांनी लेखीरावांना बोलावलं. "तुमचं टेबल बरेच दिवस मोकळं असतं. तूर्त तुम्ही सकाळच्या वसुलीच्या खिडकीवर बसा. दुपारी मोकळे व्हाल, तुमची कामं करा." सकाळची खिडकी म्हणजे नव्या पोरांची जागा. जेवणाच्या सुट्टीला ती बंद होते आणि तिथे बसणाऱ्याला कोणी साहेब म्हणत नाही. लेखीरावांचा अपमान असा झाला की त्यांना तो शब्दांत मांडायला चांगला पानभर मजकूर लागला. मागची अखंड सेवा, वाळवी लागलेलं टेबलसुद्धा न सोडण्याची निष्ठा, सगळं त्यात आलं. हरकत घ्यायची मुदत सोमवारपर्यंत होती. सही करून त्यांनी तो अर्ज घडी घालून खिशात ठेवला.

दाखला काही मिळाला नाही, पण माल ताब्यात असलेल्या गृहस्थांनी तडजोड सुचवली. ज्याच्यावर रोखलं तो माणूस जर लिहून देईल की आपली आता तक्रार नाही, तर माल पुढे सरकेल. लेखीराव मीटरवाल्याच्या घरी गेले. दोन खोल्या, दाराशी चपला ओळीने लावलेल्या. मीटरवाला चाळिशीचा, सौम्य बोलणारा माणूस होता. त्याने बसायला खुर्ची दिली.

"ते खेळण्यातलं होतं," लेखीराव म्हणाले. "बदलता येण्यासारखंही नसावं, असं आता दिसतंय."

"मला हवालदारांनी सांगितलं," मीटरवाला म्हणाला. "पण मला ते नंतर कळलं ना. तेव्हा माझ्यासाठी ते खरंच होतं. माझी मुलगी डोळ्यांसमोर आली. तिला शाळेतून कोण आणेल, एवढंच मनात आलं." त्याने दाराकडे एक नजर टाकली. "अजून कुठल्याही दाराशी वाकलो की मान मागे वळते. आज कमी आहे. हळूहळू जाईल."

लेखीरावांनी घरून येताना चांगली वाक्यं जुळवून आणली होती. त्यांतलं एकही तिथे चालण्यासारखं नव्हतं. ते तक्रार नसल्याचं काही न मागताच उठून आले.

दुपारी त्यांनी हे आबांना सांगितलं. त्या दिवशी आबा हसले नाहीत. पिस्तूल बदलता येतं का, तपासणी काय म्हणते, हे सगळं ऐकताना ते जसे पुढे सरकायचे तसे सरकले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला घेऊन चल."

चोरी झाल्यापासून आबा पहिल्यांदाच जिना उतरले. तळमजल्याच्या कोपऱ्यात तो टॉर्च तसाच पडलेला होता, तो त्यांनी उचलला, पुसला आणि खिशात घातला. मीटरवाल्याच्या दारात उभं राहून त्यांनी टॉर्च पुढे केला आणि म्हणाले, "तुमचा माल." मग त्यांनी हात जोडले. "मी रोज दुपारी घाबरून बसलेला असतो. मला वाटलं, पिस्तूल हातात घेतलं की भीती जाते. ती गेली नाही हो, ती तुमच्याकडे आली. मला माफ करा."

मीटरवाल्याने त्यांचा हात धरून आत नेलं. त्याची मुलगी घरात होती. तिने आबांना विचारलं की तुम्हीच का ते पिस्तूलवाले आजोबा. आबा म्हणाले, "होतो. आता नाही." परत निघताना मीटरवाल्याने कोणी न मागता तक्रार मागे घेतल्याचं लिहून दिलं. लेखीरावांनी तो कागद घेतला, आणि का कोण जाणे, तो वाचून न बघताच खिशात ठेवला.

मग चक्रं फिरली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लेखीरावांना तपासणी विभागात बोलावणं आलं. भावोजी दुसऱ्या दिवशी येणार होते. तपासणी करणाऱ्या बाईंनी एक पुडकं टेबलावर ठेवलं, वर अहवाल टाचलेला. "तुमच्या शंकेचं उत्तर," त्या म्हणाल्या. "बदलता येत नाही. आतली नळी भरीव आहे आणि धातू कच्चा."

"मग मी हे नेऊ?"

"न्या की. फक्त आत काय आहे हे बघायला आम्हाला ते मधोमध कापावं लागलं."

पुडक्यात पिस्तुलाचे दोन उभे तुकडे होते. लेखीरावांनी पुडकं पुन्हा बांधलं. बाईंना त्यांची दया आली असावी. "आमच्याकडे लोक हेच विचारत येतात, हे खरं होऊ शकतं का म्हणून," त्या म्हणाल्या. "इथे टेबलावर बहुतेक वेळा उत्तर 'नाही' येतं. पण जिन्यात ज्याच्यावर ते रोखलं जातं, तो आमच्या अहवालासाठी थांबत नाही ना."

बसमध्ये लेखीराव पुडकं मांडीवर घेऊन बसले. हाती घेतलेलं काम तडीला गेलं होतं. खुलासा मिळाला होता, तोही लेखी. आणि आबांना परत द्यायला काही उरलं नव्हतं. उद्या गाडी येईल, आबा मागच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन बसतील, आणि सोमवारी आपण तो अर्ज देऊन आपलं टेबल परत मिळवू. टेबलाचा विचार त्यांनी मुद्दाम केला, थोडं बरं वाटावं म्हणून. वाटलं नाही.

आबा दारातच होते. समोरची खुर्ची त्यांनी आधीच ओढून ठेवली होती. "काय म्हणाले आज?"

लेखीरावांनी पुडकं त्यांच्या मांडीवरच्या फडक्यावर ठेवलं. आबांनी दोन्ही तुकडे हातात घेतले, उजेडात धरून आत पाहिलं.

"आत खरं असं काहीच नाही," ते म्हणाले.

"नाही. बदलता येत नाही म्हणाले."

"बरं झालं." त्यांनी तुकडे पुन्हा जुळवून पाहिले, मग वेगळे करून फडक्यावर शेजारी शेजारी मांडले. बराच वेळ ते फडक्याची कड सरळ करत राहिले. "म्हणजे प्रकरण मिटलं."

"मिटलं."

"उद्यापासून कुठे जायला नको तुला."

"नको."

आतल्या खोलीत पलंगावर बॅग उघडी होती. तळाला एकच सदरा राहिला होता, बाकीचे कधीच दोरीवर आणि कपाटात गेले होते. लेखीरावांनी तो पाहिला. आबांनी त्यांना बघताना पाहिलं आणि नजर दाराकडे वळवली.

"अरे," आबा हळूच म्हणाले, "चांगला माल नेला आणि कापून परत दिला. माझ्याकडे हवालदाराची सही आहे, कोणत्या स्थितीत नेला त्याची. यावर वर कुठे दाद मागता येत नाही का?"

लेखीरावांनी वडिलांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांना एक गोष्ट लेखी न मिळता समजली. त्या पिस्तुलाचं आबांना कधीच काही नव्हतं. आणि बसमध्ये आपलं नक्की काय संपलं म्हणून वाईट वाटत होतं, तेही त्यांना कळलं.

"येते की," ते म्हणाले.  "मागता येते. पण ते लांबतं. वरच्यांकडे, मग त्यांच्या वरच्यांकडे. वर्ष-वर्ष चालतात असली प्रकरणं."

"मग मला जाता येणार नाही. माल माझ्या ताब्यातून गेलाय."

"ताईला मी कळवतो."

"आणि तुझी कचेरी?"

"मी सकाळच्या खिडकीवर असतो. दुपारी मोकळाच असतो."

आबांनी मान डोलावली आणि खुर्ची जरा पुढे ओढली. "मग कागद घे. मजकूर मी सांगतो."

लेखीरावांनी खिशात हात घातला. खिशात एकच मोठा कागद होता. त्यांनी तो उलगडला.

"यावर काहीतरी लिहिलेलं दिसतंय," आबा म्हणाले.

"असू दे," लेखीराव म्हणाले आणि कागद गुडघ्यावर पालथा घातला. "मागची बाजू कोरी आहे. सांगा."